चारात एक

लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा जावई खुशीत म्हणाला, "बाबा, यंदा काळजी नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, चारात एक आजारी? आपला एक झाला. पुढचे तीन ठणठणीत!"

त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला दर महिन्याला रक्त चढवावं लागे. आईबाप दोघांकडे अर्धाअर्धा दोष होता. त्यांना त्याचा त्रास नव्हता, पण पोराला नेमके दोन्ही अर्धे मिळाले.

हा हिशेब चुकीचा आहे हे बाबांना ठाऊक होतं, पण लेक कितीतरी दिवसांनी हसत होती.

ते इलेक्ट्रिशियन. मागच्या खोलीत पंधरा वर्षं हौसेनं अजगर पाळलेले. रंगाचा गुण एकाच बाजूनं आला तर पिल्लू पिवळं, दोन्हीकडून आला तर पांढरं, आलाच नाही तर तपकिरी. सुरुवातीला त्यांनीही पिवळ्या जोडीच्या चार अंड्यांत एक पांढरं असंच धरलं होतं. निघाली तीन. मग मिशीला पीळ देत त्यांनी पुढची सात उबवली, तर त्यांत एकही नाही!

दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी लेकीला बोलावलं. "ये, अंडी फुटताहेत."

उबेच्या पेटीत पिवळ्या जोडीची सहा अंडी होती. एकातून पांढरं डोकं बाहेर आलं.

"झालं तुमचं एक पांढरं," लेक म्हणाली.

तेवढ्यात शेजारचं अंडं चिरलं. तेही पांढरं. तिचं हसू मावळलं.

"मुद्दाम दाखवलंत ना?"

"हो. आधीच्यातून काय निघालं, ते पुढच्या अंड्याला ठाऊक नसतं, पोरी. दर वेळी पाटी कोरीच."

"माझं पोर म्हणजे तुमचा अजगर वाटला का?" ती कडाडली आणि दार आपटून गेली.

"जिभेला हाड नाही तुमच्या," लेकीची आई म्हणाली. बाबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी जावयाचा फोन आला. "बाबा, डॉक्टरांना विचारलं. तुमचंच खरं. पोटातल्या बाळाच्या तपासणीची वेळ घेतलीय. ती म्हणते, तुम्हीही चला."

अहवाल आला त्या दिवशीही तिघं बरोबर होती. बाळाकडे आईबापासारखा अर्धाच दोष होता. जावई भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडला. लेक मात्र बाबांकडे बघत राहिली.

"आजारी निघालं असतं तर काय केलं असतं, मला अजून माहीत नाही."

"मलाही नाही," बाबा म्हणाले. "पण विचार करायला वेळ मिळाला असता."

तिनं त्यांचा हात धरला. मग दोघं मिळून जावयाला उठवायला गेली.