कुरणाच्या दंडाचा हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. ॲटलासच्या डोंगरातल्या आमच्या गावात बस्सूच्या घरी हद्दू जन्मला, त्याच वर्षी मला खालच्या बाजारातून खेचरावर लादून आणले.

मित्रांनो, तेव्हा गावावरचा डोंगर बोडका होता. बकऱ्यांनी गवत मुळासकट खाल्ले होते. एका वसंतात वरून दगडमातीचा लोंढा आला आणि जवाची शेते गाडली गेली. मग चाळीस घरांनी मिळून डोंगर राखायचे ठरवले. मार्चच्या मध्यापासून दहा जुलैपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकायचे नाही, कुणाचे जनावर जायचे नाही, कुणाचा विळा चालायचा नाही. जो मोडेल त्याने आपला मेंढा कापून साऱ्या गावाला जेवू घालायचे. ते जेवण माझ्यात शिजायचे. राखणदार बस्सू.

पहिल्या वर्षी मी नऊ वेळा चुलीवर चढलो. पुढे कमी कमी होत गेले. लोक बस्सूला चिडवत, "अरे, पकड की कुणाला तरी! मटण खाऊन महिना झाला."

कुरणात गवत गुडघ्याएवढे झाले. आटलेला झरा वाहू लागला, तितर परतले. माझी कल्हई काळी पडली. माझ्यात कोळी राहू लागले. मला त्याचे काही वाटले नाही.

सात वर्षे कासाब्लांकात राबून हद्दू परत आला. येताना तीस मेंढ्या आणि एक मेंढा घेऊन आला. त्याच्या आईने, इज्जाने, त्याच्यासाठी खोली सारवली. तो इथेच राहणार, म्हणून ती सगळ्यांना सांगत सुटली.

जुलैच्या दहा तारखेला हद्दूने कळप कुरणात घातला. पण ती तारीख शहरातल्या कॅलेंडरची होती. आमचे शेतकरी जुन्या गणतीने चालतात, ती तेरा दिवस मागे असते. मुलगा ते विसरला होता. बस्सूने कळप बाहेर काढला आणि थेट गावसभेत आला. मी तिथेच कोपऱ्यात होतो.

सभेचा मुख्य म्हातारा ज़ैद म्हणाला, "पोराची चूक झाली, बस्सू. तुझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. जा घरी, चहा पी."

"बाकीच्यांनाही मीच पाहिलं होतं," बस्सू म्हणाला.

मागून हद्दू आला. "बाबा, एकच मेंढा आहे माझ्याकडे. तो कापला तर कळप वाढणार कसा?"

"ठाऊक आहे."

"मग मी इथं राहू कशाला?"

ज़ैदने जमिनीकडे पाहिले.

मला घासून चुलीवर ठेवले. मेंढा शिजला. हद्दूने चाळीस घरांना स्वतः वाढले, शेवटी बापाला. बस्सू जेवला. इज्जा जेवली नाही. महिन्याभरात मेंढ्या विकून हद्दू कासाब्लांकाला निघून गेला. त्यानंतर बंदीच्या दिवसांत कुरणात कुणी पाऊल टाकले नाही. मी पुन्हा कोपऱ्यात गेलो.

आता शहरातून लोक कुरण पाहायला येतात. फार सुंदर आहे म्हणतात. मला पाहून विचारतात, हा फुटका हंडा कशाला ठेवला? मित्रांनो, मी फुटका नाही. एवढेच सांगतो की राखलेले रान आपोआप राखले जात नाही. तुमच्या गावाजवळ असे रान असेल, तर बंदीच्या दिवसांत आत जाऊ नका. चुकून गेलात, तर कुणी विचारण्याआधी सांगा.

आमचे कबरस्तान कुरणापलीकडे आहे. तिकडे कुरणातून अर्ध्या तासाची वाट आहे आणि ओढ्याकाठाने दोन तासांची. गेल्या वर्षी हद्दू आला आणि त्याने जनाज्याला पुढून खांदा दिला. वाट फुटते तिथे मागच्या लोकांची पावले थबकली. हद्दू न थांबता ओढ्याकडे वळला.

बस्सू जुन्या गणतीच्या जुलैच्या सहा तारखेला सकाळी वारला. कुरण उघडायला चार दिवस होते.