मडिवाळप्पाचा पास

“साहेब, पोरीचं नाव खोडा.”

मी मान वर केली. टेबलासमोर मडिवाळप्पा उभा होता. नेहमीसारखाच ओला. सोलापूर स्टेशनात गाड्यांच्या डब्यांना पाणी भरणाऱ्या खलाशाला कोरडं कोण बघणार? त्याच्या चपलांखाली आमच्या ऑफिसच्या फरशीवर डबकं साचायला लागलं होतं, आणि मार्चअखेरच्या फायलींनी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

“कुणाचं नाव? कुठून खोडा? नीट सांग की बाबा.”

“आमच्या घरच्या यादीतलं. मायाक्काचं. लगीन ठरलं तिचं, मैंदर्गीला. परवा कुंकू लावून गेले. आता ती तेंची झाली की. सरकारी कागदात खोटं कशाला ऱ्हाऊ द्यायचं?”

इथं थोडं सांगायला हवं. रेल्वेच्या प्रत्येक नोकराच्या कुटुंबाची एक यादी ऑफिसात असते. यादीत जेवढी नावं, तेवढ्यांनाच फुकट प्रवासाचा पास. मुलगी लग्न होईपर्यंत यादीत राहते. होईपर्यंत, ठरेपर्यंत नव्हे. हे मला पाठ होतं. पास लिहिण्यातच माझी चौदा वर्षं गेली होती. पण साल होतं शहात्तर, आणीबाणीचे दिवस. लग्न झालेली पोर पासावर नेली म्हणून एका फिटरच्या हातात नुकतंच चार्जशीट पडलं होतं. सगळेच धास्तावलेले. मडिवाळप्पा तर मुळातच सरळ माणूस, तो दुप्पट धास्तावलेला.

आणि मी काय केलं? “लग्न कधी आहे रे?” एवढंसुद्धा विचारलं नाही. लाल शाईचं पेन उचललं, मायाक्काच्या नावावर रेघ ओढली, बाजूला त्याची सही घेतली. कानडीत सही करायला त्यानं अर्धं मिनिट लावलं. मी म्हणालो, “झालं. जा आता, फरशी भिजवू नकोस.”

तो हसत गेला. त्या वेळी त्याचा पासाचा अर्ज माझ्याच उजव्या हाताच्या खणात पडलेला होता. सोलापूर ते म्हैसूर आणि परत. माणसं पाच.

म्हैसूरचं हे वेड त्याला सहा वर्षांपूर्वी लागलं. गदगच्या गाडीला पाणी भरताना कुणी उतारू त्याला म्हणाला, तू नुसतं पाणी भरतोस, आमच्याकडं ये, पाणी कसं नाचवतात ते बघ. झालं! गडी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर हजर.

“साहेब, तितं धरनाच्या खाली बाग हाय म्हनं. वृंदावन. बाजा वाजतोय तसं पानी वर-खाली हुतंय. लाल, हिरवं, पिवळं. खरं व्हय?”

“खरं आहे.”

“आन् एवढं पानी रोज उडवतेत? कोन काय बोलत न्हाय?”

सगळं ऑफिस हसलं होतं. तेव्हापासून तो दिसला की कुणीतरी विचारायचंच, “काय मडिवाळप्पा, नाचलं का पाणी?” तोही खुशाल हसायचा आणि म्हणायचा, “नाचंल की! यंदा नक्की.”

खलाशाला वर्षाला एकच पास. तो दर वर्षी म्हैसूर धरून बसायचा आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. बहात्तरच्या दुष्काळात फलाटावरच्या नळांना हवा यायची. त्या वर्षी तो मला म्हणाला, “हितं गाडीत भरायला पानी न्हाय आन् तितं नाचवायला हाय. लई मोटी लोकं असनार ती. बघायलाच पायजेत.” पण तो पास भावाच्या मयताला गेला. चौऱ्याहत्तरला पास हातात होता आणि रेल्वेचाच संप सुरू झाला. पंच्याहत्तरला त्याच्या आईच्या, पार्वतम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, म्हणून तो पास मिरजेला गेला. मी हळहळलो तर हाच माझी समजूत घालायला लागला, “बरंच झालं की साहेब. आदी गेलो असतो तर म्हातारीला काय दिसलं असतं?”

शहात्तरची तयारी मात्र पक्की होती. फेब्रुवारीतच आम्ही दोघांनी जेवणाच्या सुट्टीत बसून सगळं ठरवलं होतं. धाकट्या गंगव्वाची परीक्षा झाली की निघायचं. गदग, हुबळी, अर्सीकेरे असं गाड्या बदलत जायचं. गाड्यांच्या वेळा मी लिहून दिल्या, तर यानं मलाच सांगितलं की कुठल्या गाडीच्या कुठल्या डब्यात पाणी शेवटपर्यंत टिकतं! म्हैसूरला त्यांच्या लोकांचा एक मठ होता, तिथं अंग टाकायला जागा आणि दोन वेळचा प्रसाद. वाटेत खायला बसम्माच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. चार दिवस काही होत नाही त्यांना. बागेत आत जायचं तिकीट आणि बसभाडं तेवढं खिशातून. गरिबाची सहल याहून स्वस्तात बसवून दाखवावी कुणी!

“एकदा पाची जन एका डब्यात बसून जायाचं, साहेब,” तो म्हणाला होता. “आई, बायको, दोनी पोरी. जलमात एकदा. मायाक्काला आता बघायला यायला लागलेत. ती गेली की घर फुटलंच म्हना.”

त्याच माणसानं महिन्याभरात येऊन तिचं नाव खोडायला सांगितलं, आणि मी खोडलं.

एप्रिलमध्ये पास लिहायला घेतला. पास लिहायचा तो यादी समोर ठेवून. मी यादी उघडली, लाल रेघ बघितली, आणि अर्जावरचा पाचाचा आकडा. कमी केलेलं नाव परत चढवायचं तर चौकशी, दोन साक्षीदार, वरच्या ऑफिसची मंजुरी. दोन महिने कुठं गेले नाहीत. लग्न वैशाखात असल्याचं एव्हाना कानावर आलं होतं, म्हणजे महिनाभरावर. मी खूप वेळ पेन धरून बसलो. मग चार नावं लिहिली आणि सहीला पाठवली.

मडिवाळप्पा पास न्यायला आला तेव्हा मुद्दाम टोपी-बिपी घालून आला होता. त्यानं कागद दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि नावांवरून बोट फिरवत मोजायला लागला. चारावर बोट थांबलं.

“साहेब, एक ऱ्हायलं.”

“राहिलं नाही. तूच खोडलंस.”

“ते यादीतलं व्हय. पासाचा अर्ज तर मी आदीच दिला हुता की. पाच लिवलं हुतं.”

“अरे, पास यादीवरूनच निघतो!”

“मग आता?”

चूक अंगाशी आली की माणूस आवाज चढवतो. मी तेच केलं. “मग आता काय! सगळं उरकल्यावर कशाला येता रे तुम्ही लोक? सरकारी कागद म्हणजे काय पाटी आहे, लिहिली-पुसली? नियम म्हणजे नियम!” शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. लाज मला वाटायला हवी होती, मान खाली घातली त्यानं.

“व्हय, बराबर हाय,” तो म्हणाला. “तिचं तिकीट काढतो मग.”

पास घडी करून त्यानं खिशात ठेवला. टोपी ओली नव्हती त्या दिवशी, तरी त्यानं ती पिळल्यासारखी हातात धरली आणि गेला.

आठ दिवस मला चैन नव्हतं. बायकोनं विचारलं, “अहो, जेवणात लक्ष का नाही?” मी म्हणालो, ऊन फार आहे. मडिवाळप्पाच्या निघायच्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी फलाटावर गेलो. बरोबर चिवड्याचा पुडा घेतला होता. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेवावं म्हणून. खरं म्हणजे तोंड दाखवायला निमित्त पाहिजे होतं.

गदगची गाडी लागली होती. खिडकीशी पार्वतम्मा बसली होती, नवं इरकल नेसून, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. तिच्या पलीकडे गंगव्वा. बसम्मा गाठोडी बाकाखाली सारत होती. मायाक्का दारात उभी होती. हातात हिरवा चुडा, लग्न ठरल्याची कळा तोंडावर. मी चिवडा तिच्या हातात दिला.

“अप्पा कुठं आहेत?”

“पानी भरतेत. भरून झालं की चढतो म्हनले.”

मी वर बघितलं. डब्याच्या टपावर मडिवाळप्पा रबरी पाईप धरून बसला होता. अंगात खाकी, खांद्यावर फडकं. त्याची रजा मंजूर झाल्याचा कागद मीच बघितला होता. मग हा कामावर कसा?

त्याचा जोडीदार येडू खाली नळाशी उभा होता. त्याला विचारलं तर तो हळूच म्हणाला, “तेनं रजा परत दिली साहेब. माझी बी पाळी तोच करनार, चार दीस डबल. पोरीच्या जाता-येतानच्या तिकिटाचं उसनं पैसं फिटायला पायजेत की. घरात न्हाय सांगितलं. बायकोला तेवढं ठावं हाय.”

मी बसम्माकडं बघितलं. तिनं गाठोडं सारणं थांबवलं नव्हतं. एकच गाठोडं ती कितीदा तरी आत-बाहेर करत होती.

“साहेब,” मायाक्कानं दारातून विचारलं, “लगीन ठरल्या ठरल्या नाव काढतेत व्हय हो? आमच्या शेजारनीचं तर लगीन झाल्यावर काढलं म्हनं.”

मी फलाटावरच्या घड्याळाकडं बघितलं. तेवढ्यात पार्वतम्मानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि वर टपाकडं बघत हाक मारली, “मडिवाळा, बारो! ये की रे, जागा धरलीय तुझी.” तिनं शेजारी पदर पसरून खरंच त्याच्यासाठी जागा धरली होती.

“आलो अव्वा,” तो वरून ओरडला. “पुढचा डबा भरतो, मंग आलो.”

पाईप खांद्यावर टाकून तो टपावरूनच पुढच्या डब्याकडं गेला. मागं वळून बघितलं नाही. शिट्टी झाली तेव्हा तो गाडीच्या दुसऱ्या अंगाला खाली उतरला होता, रुळांच्या पलीकडं. गाडी हलली. पार्वतम्मा हाका मारायला लागली, “मडिवाळा! बारो मगा, ये की लेकरा, गाडी सुटली!” ती जवळजवळ उठलीच, गंगव्वानं तिला धरून बसवलं. मायाक्का दारातून पुढं वाकून फलाट शोधत राहिली. या बाजूला ती शोधत होती आणि तो त्या बाजूला होता. “अप्पा! अप्पा!” करत तिचा आवाज गाडीबरोबर लांब गेला. मग बसम्मानं तिला आत ओढलं.

गाडी गेल्यावर तो पलीकडं दिसला. पाईप गुंडाळत उभा होता. मी रूळ ओलांडून त्याच्याकडं गेलो. या वेळी मी आवाज चढवला नाही, चढलाही नसता.

“मडिवाळप्पा, मला सांगायचंस. तिकीट मी काढून दिलं असतं.”

“तुमच्या पैशानं कसं जायाचं, साहेब?”

“चूक माझी होती. लग्न होईपर्यंत नाव राहतं. मला माहीत होतं. मी तारीख विचारली नाही, तुझा अर्जही बघितला नाही. माझ्याच खणात होता तो.”

बोलून टाकलं. छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं, ते काही उतरलं नाही. तो पाईप गुंडाळतच होता.

“ठावं हाय मला,” तो म्हणाला. “पास घिऊन भायेर आलो, त्याच दिशी येडूनं सांगितलं. लगीन हुईस्तवर नाव ऱ्हातंय म्हनून.”

“मग येऊन मला शिव्या का नाही घातल्यास?”

“तुमास्नी कशाला? तुमी कुटं माझ्या घरी आलता इचारायला? मीच आलो की तुमच्याकडं चालत. कुनी मागितलं न्हाय, कुनी सांगितलं न्हाय. बाप असून मीच म्हनलं, खोडा.” त्यानं पाईपचं वेटोळं उचलून खांद्यावर घेतलं. पाण्यानं सगळं तोंड भिजलं होतं. फडक्यानं त्यानं ते पुसलं, परत पुसलं. “पुढच्या वरसाला मी जाईन साहेब. म्हातारी आसंल तर म्हातारी यील. पर मायाक्का आता कुटली यायला?”

वाडी जंक्शनकडून येणाऱ्या गाडीची घंटा झाली. तो दोन पावलं गेला आणि परत आला.

“एक करा साहेब. पोरीला कवा सांगू नका, मी खोडाया लावलं म्हनून. तिला वाटतंय, सरकारनंच काढलं.”

“नाही सांगणार.”

“व्हय. तसंच ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला, आणि येणाऱ्या गाडीसाठी नळाकडं निघून गेला.