सुकन्याच्या वहीतल्या रिकाम्या जागा

नांदेडहून फोन आला तेव्हा मल्लिनाथ औशातल्या आपल्या भांड्यांच्या दुकानात एका बाईला कळशीचा भाव सांगत होता. त्याची बायको सुकन्या इंग्लिशचे पेपर तपासायला तिकडं गेली होती. खुर्चीतच कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पुढं गिऱ्हाइकाशी काय बोलला ते त्याला आठवत नाही. कळशी मात्र त्यानं उचलून जागेवर ठेवली.

तीन आठवड्यांनी लातूरच्या फिल्म क्लबचा वीरभद्र लॅपटॉप घेऊन घरी आला. क्लबात दाखवायच्या एका इंग्लिश पिक्चरखाली येणाऱ्या मराठी ओळी सुकन्या लिहीत होती. विलायतेतलं, कमी पैशात केलेलं पिक्चर, मुळात नाटक. म्हातारा, म्हातारी आणि एक स्वयंपाकघर, बस. वही पूर्ण होती. फक्त म्हातारा बायकोला हाक मारतो, तिथं तिथं तिनं जागा सोडली होती.

"अण्णा, तो दर वाक्याला तिला 'लव्ह' म्हणून राहिला. मी 'प्रिये' टाकलं तर सगळे हसतील."

"तिनं काय ठरवलं होतं?"

"म्हणाल्या, घरी विचारून सांगते."

विचारलं होतं तिनं. जेवताना. "नवरा बायकोला काय म्हणतो हो, आपल्याकडं?" तो म्हणाला होता, "भाजीत मीठ कमी हाय."

"तुम्ही काय म्हणायचे वहिनींना?"

"ऐकलं का, म्हणायचो."

"नाव न्हाई?"

"न्हाई कधी."

"सगळीकडं 'ऐकलं का' लिवलं तर लोक म्हणतील, म्हातारी बहिरी हाय!"

मल्लिनाथला हसू आलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आता तरी द्यावं, म्हणून तो लॅपटॉपसमोर बसला. इंग्लिश कळत नव्हतं, पण म्हाताऱ्याचं तोंड बघून तो सांगत गेला. इथं 'अगं'. इथं 'ऐकलं का'. इथं काही नको, इथं माणूस नुसता खाकरतो. दुपार सरली. त्याची पाठ भरून आली होती.

पिक्चरच्या शेवटी म्हातारी मरते. म्हातारा एकटाच टेबलाशी बसून समोरच्या खुर्चीला तोच शब्द म्हणतो. वीरभद्रनं पिक्चर थांबवलं.

"इथं काय टाकू?"

ऐकायला कोणी नव्हतं, तेव्हा 'ऐकलं का' चालणार नव्हतं. बायकोचं नाव चाललं असतं. ते मल्लिनाथच्या तोंडातून निघेना.

"रविवारी दाखवायचं हाय, अण्णा."

"हाव. माहीत हाय."

रविवारी पिक्चर दाखवलं. ती एक ओळ मराठीत झालेली नाही.