फक्कीच्या खुणा

“हळू रं रंगा, हळू. पाय आपटू नगस. खाली माय निजलीय.”

बापाचा तो आवाज इतका जवळून आला, की रंगनाथने डोळ्यांवर बांधलेल्या उपरण्याआड डोळे आणखी घट्ट मिटले आणि अनवाणी पाऊल शाळेच्या मैदानावर अलगद टेकवलं. उजव्या तळहातावर नारळ आडवा होता, शेंडी बोटांकडे. बाप जाऊन किती पावसाळे झाले, पण पाणी बघायला निघालं की तो असा आधी येई आणि पुढे चालू लागे. पाणी म्हणजे भुईच्या पोटात निजलेली आई. तिला दचकवायचं नाही, तिच्या नावाने पैसे घ्यायचे नाहीत, दिलाच कुणी तर टॉवेल-टोपीचा मान घ्यायचा. एवढीच त्या पाणाड्याची विद्या, आणि ती तो लेकाच्या हातात ठेवून गेला होता.

मैदानाच्या कडेला नववीची पोरं चिडीचूप उभी होती. घोडेगावच्या अलीकडच्या या हायस्कुलात मुमताज मॅडमनी विज्ञान मंडळ सुरू केलं, तेव्हा पोरांना वाटलं होतं, चार चार्ट रंगवले की काम झालं. मॅडमनी त्यांना वेगळंच सांगितलं. आपल्या घरात सगळे खरी मानतात अशी एक गोष्ट आणा, आपण ती तपासून बघू. करणने आजीचा मुतखड्यावरचा काढा आणला. अर्शीने दूध नासू नये म्हणून तिची आई त्यात टाकते ते पान आणलं. मोनिकाने बाप आणला.

वर्गातली टाकी रिकामी झाली की पोरं तिला म्हणत, मोने, जरा नारळ फिरव की. ते ऐकून ऐकून तिच्या मनात काहीतरी घट्ट झालं होतं. डोळे बांधून चालवा, पप्पांना तरी कळेल, असं ती भर वर्गात बोलून बसली आणि सगळी आखणीही तिनेच केली. घरी रंगनाथला मात्र वाटलं, शाळेत सत्कार आहे. त्याने टोपीला नीळ दिली. कलाबाईने नारळाला हळदकुंकू लावून नवऱ्याच्या हातात दिला आणि लेकीकडे बघून हसली.

आधी तो उघड्या डोळ्यांनी चालला होता. हापशाच्या थोडं अलीकडे नारळ उठला, म्हणजे खाली पाणी, तिथे अर्शीने चुन्याच्या फक्कीची चिमूट टाकली. मग डोळे बांधले, पोरांनी त्याला जागेवर गरगर फिरवलं आणि पुन्हा चालायला सांगितलं. ते झाल्यावर पुन्हा. आणि पुन्हा. दर खेपेला नारळ उठला, शेंडी आभाळाकडे करून ताठ. दर खेपेला पोरांचा श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं आणि पायाशी फक्की पडल्याची बारीक फस्स.

उपरणं सोडलं ते मोनिकाने. उन्हाने त्याचे डोळे दिपले, मग हळूहळू मैदान दिसू लागलं. एक पांढरी खूण झेंड्याच्या ओट्याला लागून. एक पार कबड्डीच्या रेषेपलीकडे. एक कुंपणापाशी, जिथे तो कधी गेला हेही त्याला आठवेना. हापशाजवळची खूण एकटीच राहिली होती. लग्न उरकल्यावर मांडवात अक्षता सांडलेल्या असाव्यात, तशा त्या खुणा पडल्या होत्या. कुणी हसलं नाही. हसली असती पोरं, तर बरं झालं असतं.

मुमताज मॅडमनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. तुम्ही आलात, डोळे बांधून घेतलेत, एवढं सोपं नसतं ते, असं त्या मनापासून म्हणाल्या. मग मोनिकाला बाजूला घेऊन त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, की हे नेवाशाच्या विज्ञान प्रदर्शनात नाही मांडलं तरी चालेल, दुसरं काहीतरी करू.

“जे आलं ते मांडायचं,” मोनिका म्हणाली. “तुम्हीच सांगता ना.”

रंगनाथने ते ऐकलं. बशीतला चहा त्याने फुंकला, पण प्यायला नाही.

दोघं घरच्या वाटेला लागली. त्याचं उपरणं मोनिकाच्या हातात होतं; ती त्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. रंगनाथच्या डोळ्यांपुढे गावातल्या आबासाहेबाचं डाळिंबाचं वावर येत होतं. उद्या सकाळी तिथे, त्यानेच दाखवलेल्या जागी, बोअरची गाडी येणार होती. त्या बोअरपायी आबासाहेबाने पारडापासून वाढवलेली म्हैस घोडेगावच्या बाजारात विकली होती. नगरहून पाणी शोधणारा यंत्रवाला बोलाव, असं त्याचं पोरगं म्हणत होतं, तर घरचा माणूस असताना परका कशाला, म्हणून त्याने पोराला गप्प केलं होतं.

आणि ओढ्याच्या पुलावर नेमका तोच भेटला. मोटारसायकल आडवी घालून थांबला.

“काय रंगनाथराव, ह्या वयात शाळेत नाव घातलं म्हनं? नापास तर न्हाई ना झाला?”

स्वतःच हसला. रंगनाथ हसला नाही, तसं त्याने इंजिन बंद केलं आणि एक पाय खाली टेकवला.

“उद्या गाडी येतीय बाबा. काय आसंल ते सांग.”

रंगनाथने डोक्यावरची टोपी नीट केली.

“पास झाले की, आबा,” मोनिका म्हणाली. “सगळ्या खुणा एकाच जागी आल्या.”

आबासाहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून ती बोलली. रंगनाथ तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी गुळाचा खडा चोरून खाल्ला, तर कुणी विचारायच्या आतच रडत कबूल करणारी ही पोर. एवढं सबंध, गुळगुळीत खोटं तिच्या तोंडून आलं आणि उपरणं धरलेला हात हललासुद्धा नाही. हे तिला कुणी शिकवलं, ते त्याला लांब जाऊन शोधावं लागलं नाही.

आबासाहेबाचा चेहरा मोकळा झाला. मग झ्याक झालं, म्हणत त्याने किकवर पाय ठेवला. रंगनाथने पुढे होऊन हँडल धरलं.

“गाडीवाल्याला फोन लावा, आबासाहेब. येऊ नगं म्हना.”

“का रं?”

“ती खोटं बोलतीय. माझ्यापायी.”

“पप्पा,” मोनिका पुटपुटली.

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. हँडलही सोडलं नाही.

“तुमच्या वावरात मला काय बी कळलं न्हाई. बांधाकडनं तेवढीच एक वाट हुती, मशीन आत जाईल आशी. म्हनून मी तिथं थांबलो.”