मुलासमोर कसं सांगायचं

माझा नवरा इथली भाषा फाडफाड बोलतो, आणि नेमकं तेच आमच्या सासूबाईंच्या जिवावर उठलं होतं.

दवाखान्यात दुभाषी मिळतो. भिंतीवर तशी पाटीच आहे, फुकट म्हणून. पण खिडकीतल्या बाईनं ह्यांची दोन वाक्यं ऐकली आणि खूश! "अरे वा, मुलगाच बोलतो की! मग दुभाषी कशाला?" वर पेशंटबरोबर आत एकच माणूस. झालं. मायलेक आत, मी बाकावर.

आत काय चाललंय ते मला बसल्या जागी दिसत होतं. डॉक्टर मुलाला विचारणार, मुलगा आईला, आणि आई म्हणणार, "काही नाही रे, पोट जरा जड वाटतं." मुलगा इमानदारीत तेच सांगणार. याआधी दोनदा आम्ही पोटाच्या गोळ्या घेऊन घरी आलो होतो.

सासूबाईंची पाळी कधीच गेली होती, आणि आता अंगावरून रक्त जात होतं. मला सांगितलं तेसुद्धा मोरीत, नळ सोडून. "त्याला कळलं तर तोंड कुठे लपवू गं? पोटचा पोर आहे माझा. तुला माझी शपथ." मी ह्यांना एवढंच म्हटलं, "अहो, बायकांचं दुखणं आहे, दुभाषी म्हणून बाईमाणूस मागा." ह्यांनी मागितलंही. उत्तर काय, तर तुम्ही आहात ना! ह्यांचा काय दोष? मुलालाच आईच्या तोंडासमोर उभं करणारे ते दीडशहाणे!

दार उघडलं. ह्यांच्या हातात पुन्हा गोळ्यांची चिठ्ठी. मागून सासूबाई भिंतीला धरून येत होत्या, ओठ पांढरेफटक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई खंगत चाललीय आणि हे डॉक्टर गोळ्या वाटतायत! खड्ड्यात गेली शपथ.

मी सासूबाईंचा दंड धरला, आत शिरले आणि ह्यांच्या तोंडावर दार लावलं. डॉक्टर म्हणाले, आत एकच माणूस, आणि तो मुलगा. मला इथली भाषा मोडकीतोडकीच येते, पण भांडायला व्याकरण लागत नाही.

"मुलगा बाहेर! फोन लावा. दुभाषी. बाई. बाईच!"

"पण मुलगा तर इतकं छान बोलतो," डॉक्टर म्हणाले.

"खालून रक्त जातं. तुमची आई सांगेल तुम्हाला?"

त्यांनी फोन लावला. पलीकडून आपल्या भाषेत एक बाई बोलली, "बोला मावशी, मी ऐकतेय." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आधी नुसत्या रडल्या. मग बोलल्या. रक्त, कळा, कुठे गाठ लागते, सगळं. मलाही ठाऊक नव्हतं इतकं. डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी फाडून टाकली आणि तपासण्या लिहून दिल्या.

निकालाच्या दिवशी डॉक्टर दुसरेच होते. आम्हाला तिघांनाही आत बोलावलं, तेव्हाच मी काय ते समजले. फोनचं कुणी नाव काढेना. डॉक्टर सासूबाईंकडे न बघता ह्यांच्याशीच बोलत सुटले आणि शेवटी म्हणाले, "आईंना सांगा." मला अर्धंमुर्धं कळलं. तेवढं पुरे होतं. ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं होतं.

"आई," हे म्हणाले, "काळजीचं काही नाही. छोटंसं ऑपरेशन, की झालं."

सासूबाईंनी ह्यांचा चेहरा वाचला. मग माझ्याकडे वळल्या. "फोन लावायला सांग गं."

"आई, मी सांगतोय ना!"

"तू माझा मुलगा आहेस, राजा. मी तुला खरं सांगत नव्हते, आता तू मला सांगत नाहीस. जीव माझा आहे ना? मग मला कळायला नको?"

हे भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, म्हणाले, बाहेर बरेच पेशंट आहेत.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "फोन लावा. तोवर इथून कुणी बाहेर जात नाही."