मास्तरांनी अ‍ॅपवरून पेट्रोल भरलं

तर झालं असं की त्या दिवशी काकूंची ड्रायव्हिंगची पाचवी टेस्ट होती. पाचवी! आणि काकू म्हणजे कोण, तर मास्तरांची बायको, आणि मास्तर म्हणजे कोण, तर गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवलेला माणूस. आता बोला. सगळ्या गावाला लायसन्स, आणि घरातच नापास. लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण क्लासला नाव घालायला आलेलं एखादं कार्टं अगदी भोळा चेहरा करून विचारायचंच की काकूंचं कुठपर्यंत आलं. मास्तर म्हणायचे, चाललंय, आणि लगेच फॉर्म पुढे सरकवायचे.

पण या वेळी नुसत्या अब्रूचा प्रश्न नव्हता. काकू नर्स. वीस वर्षं वॉर्डात काढली, आणि आता त्यांना घरोघरी जाऊन पेशंट बघायचं काम मिळालं होतं. दवाखान्याची गाडी, स्वतःचं वेळापत्रक, वॉर्डातल्या रात्रपाळ्या बंद. काकू त्या कामावर जीव टाकून होत्या. अट एकच, सोमवारी लायसन्स हातात हवं. आणि सोमवारच्या आधीची शेवटची टेस्ट म्हणजे ही, शुक्रवारची, अकराची. नाहीतर ते काम दुसऱ्या सिस्टरला, जिच्याकडे लायसन्स होतं आणि जी काकूंना रोज फार प्रेमाने विचारायची, झालं का गं?

म्हणून मास्तर सकाळपासून जरा जास्तच फॉर्मात. निघताना काकूंनी पर्स उचलली तर म्हणाले, ठेव गं, कशाला ओझं, मी आहे ना. आणि स्वतःचं पाकीटही टेबलावर ठेवलं, मुद्दाम, दिसेल असं. कारण लेकीने त्यांच्या फोनमध्ये पेट्रोल पंपाचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. पैसे द्यायला आत जायचंसुद्धा नाही. मशीनचा नंबर टाकायचा, बटण दाबायचं, मशीन चालू होतं, आपण पेट्रोल भरायचं आणि निघायचं, पैसे आपोआप जातात. मास्तरांचं चार दिवस हे सगळ्यांना सांगून झालं होतं. वापरलं मात्र एकदाही नव्हतं.

साडेदहाला काकूंनी पिवळी गाडी पंपात घेतली. छतावर पाटी, दारांवर क्लासचं नाव, आंधळ्यालाही कळेल कोणाची गाडी ते. काकू चालवायच्या जागी, मास्तर शेजारी. वीस वर्षं मास्तर शेजारीच बसत आलेत हो. लग्नाच्या वरातीला गेले तरी शेजारच्या सीटवर, आणि क्लासच्या गाडीत त्यांच्या पायाखाली तो शिकवणाऱ्याचा जादाचा ब्रेक. गाडी थांबली चार नंबरच्या मशीनपाशी, कारण टाकीचं झाकण चालवणाऱ्याच्या बाजूला. काकू उतरल्या, नळी उचलली, झाकण उघडून टाकीत घातली. मास्तरांनी फोन काढला. फोन विचारतो, मशीनचा नंबर काय? मास्तरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. आपल्या खिडकीतून, म्हणजे आपल्या बाजूच्या. तिथे मोठ्ठा पाच लिहिलेला. टाकला पाच.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं त्याच पंपावर पेट्रोल भरलं आणि नंबर माहीत नाही? नाहीच ना माहीत. इतकी वर्षं क्लासची पोरं भरायची, मास्तर आत जाऊन काउंटरवर म्हणायचे, आमची गाडी. काउंटरवरची मुलगी काचेतून पिवळी गाडी बघायची आणि पैसे घ्यायची. नंबराशी त्यांचा संबंध आलाच नव्हता कधी.

फोनवर हिरवी खूण आली. आकडे पळायला लागले. मास्तर खूश. खिडकीतून मान न वळवताच काकूंना सांगायला लागले, बघ, दहा लिटर. बघ, वीस. केवढं सोपं आहे, लोक उगाच रांगेत उभे राहतात. सत्तावीस. काकू काहीतरी म्हणत होत्या, पण मास्तर आकडे वाचण्यात गुंग. पस्तीस झाले. त्यांच्या गाडीची टाकीच पस्तीस लिटरची. छत्तीस. अडतीस. मास्तरांचा आवाज जरा बारीक झाला. एक्केचाळीसला ते म्हणाले, "अगं, थांबव, सांडेल."

काकू खिडकीशी वाकल्या. त्यांच्या हातात नळी तशीच कोरडी.

"अहो, काय सांडेल? मी मघापासून सांगतेय, इथे थेंबही आलेला नाही."

तेव्हा कुठे मास्तरांनी परत आपल्या बाजूला बघितलं. पाच नंबरच्या पलीकडे बेकरीची व्हॅन उभी, आणि एक धिप्पाड बाई निवांतपणे नळी परत जागेवर अडकवत होती. पोट भरलं व्हॅनचं. फोन म्हणाला, धन्यवाद, पुन्हा या. मास्तरांनी घाईघाईने चार नंबर टाकला तर फोन म्हणाला, नवीन ग्राहकांना दिवसातून एकदाच. म्हणजे पुन्हा या, पण उद्या.

दहा चाळीस. टाकीत पेट्रोल इतकं कमी की लाल दिवा घरापासून डोळे वटारून बघत होता. पाकीट घरी. पर्स घरी, ती कोणी ठेवायला लावली हे काकूंनी काढलं नाही. नुसतं बघितलं. मास्तरांना ओरडा परवडला असता.

ते धावत आत गेले. आत आणखी मजा. बेकरीवाली बाई काउंटरवर पैसे पुढे करतेय आणि मुलगी म्हणतेय, तुमचं झालंय. बाई म्हणतेय, मी दिलेच नाहीत तर होईल कसं? अशी बाई भेटायला नशीब लागतं, दुसरा कोणी असता तर बिस्किटं घेऊन पसार. मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाई इतकी हसली की तिला काउंटर धरावा लागला. मग म्हणाली, सोप्पं आहे की, तुम्ही माझी टाकी भरलीत, मी तुमची भरते, उरलेले हातात देते. मुलीने काय काय दाबायला सुरुवात केली, कॉम्प्युटर विचारात पडला, आणि बाहेर चार नंबरच्या मागे टॅक्सीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.

मुलगी वैतागली. माइक ओढला आणि साऱ्या पंपाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पिवळी गाडी, जागा मोकळी करा. पुढून वळून दोन नंबरला उलटी लावा."

मास्तर दचकलेच. काकू एकट्या होत्या ना गाडीत. ते दाराकडे निघाले, तेवढ्यात बाईने त्यांच्या हातात नोटा ठेवून मोजायला लावल्या, आणि काचेबाहेर पिवळी गाडी हलली.

मास्तर जागच्या जागी थिजले. गाडी हळू पुढे आली, हवेच्या मशीनपाशी वळली, मागे यायला लागली. दोन नंबरचा खांब काकूंच्या मागे. एका बाजूला टॅक्सी. मास्तरांनी उजवा पाय फरशीवर दाबला. खरंच दाबला, दुकानात उभं राहून, चॉकलेटांच्या मांडणीसमोर. पूर्ण जोर लावून. बेकरीवाली बाई खाली बघायला लागली, काही पडलंय का. गाडी येतच होती. मास्तरांनी आणखी दाबला. फरशी काही दबेना.

आणि गाडी थांबली. खांबापासून वीतभर अंतरावर, सरळ, झाकण बरोबर नळीसमोर. काकू उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून आत बघायला लागल्या की येतंय का पेट्रोल.

मास्तरांचा पाय अजून फरशीवरच होता. ते त्या पायाकडे बघत राहिले. आधीच्या चारही टेस्टमध्ये परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी एकच शेरा लिहिला होता, ब्रेक उशिरा. मास्तर घरी येऊन चिडायचे की तुझं लक्ष कुठे असतं, मी इतकं शिकवतो. आणि शिकवताना करायचे काय, तर समोर मांजर दिसायच्या आत यांचा पाय खाली. काकूंनी ब्रेक मारेपर्यंत गाडी थांबलेलीच असायची. वर्षभर त्या बिचाऱ्या स्टिअरिंग धरून बसल्या होत्या, गाडी मास्तर चालवत होते. टेस्टला यांच्या जागी साहेब बसायचे, काकूंचा पाय यांच्या पायाची वाट बघायचा, शेवटी साहेबांनाच ब्रेक दाबावा लागायचा. नापास.

हे त्यांनी काकूंना सांगितलं का? छे. मास्तर आहेत ते. पेट्रोल भरून झाल्यावर ते गाडीत बसले, चपला काढल्या, आणि सीटवर चक्क मांडी घातली. वरून पट्टा लावला.

काकूंनी बघितलं. "पाय दुखतायत का?"

"हो, जरा," मास्तर म्हणाले. "तू बघ समोर."

वाटेत एक सिग्नल, एक शाळा, रस्त्यात मधोमध उभा राहून फोनवर बोलणारा एक माणूस. त्या माणसाच्या वेळी मास्तरांनी दोन्ही गुडघे हातांनी धरून ठेवले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी थांबलेली होती आणि काकू त्या माणसाला हाताने जा जा करत होत्या. अकराला दोन मिनिटं कमी असताना दोघं टेस्टच्या मैदानावर पोहोचले.

मास्तर बाकावर बसले. साहेब त्यांच्या जागी जाऊन बसले, गाडी निघाली. पाऊण तास. मास्तर तेवढ्यात दोनदा पाणी प्यायले आणि शेजारच्या पोराला उगाचच म्हणाले की आरशात बघत जा.

गाडी परत आली. आधी साहेब उतरले, मास्तरांना ओळखीचे, एरवी येऊन खांद्यावर हात ठेवायचे, सांत्वनाला. आज लांबूनच म्हणाले, "मास्तर, आज मी नुसता बसून होतो बघा."

मास्तरांना सगळं ऐकायचं होतं. कुठून नेली, उलटी कुठे घेतली, चढावर काय केलं. ते लगबगीने पुढे झाले. काकूंनी कागदांची फाइल त्यांच्या हातात दिली, एक मिनिट हं म्हणाल्या, आणि दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरना फोन लावला. मास्तर फाइल छातीशी धरून उभे, निकालाला आलेल्या पोरासारखे.

काकू फोनवर सांगत होत्या की झाली पास, सोमवारी आठला हजर होते, गाडीची किल्ली काढून ठेवा. तिकडून काहीतरी विचारलं असावं. काकूंनी मास्तरांकडे बघितलं, हसू दाबलं, आणि म्हणाल्या,

"नाही नाही, ते कशाला? एकटीच येईन."