पाण्याची ओढ

बंगल्यामागच्या पोहण्याच्या तलावाभोवती त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. एका म्हाताऱ्या शिंप्यानं गुडघेदुखीच्या नावानं गाठ मारलेली चिंधी पाण्यात सोडली. गाठीत खडा होता, चिंधी बुडाली. तळाच्या निळ्या व्हिनाइलच्या अस्तरावरून ती घसरत खोल टोकाला गेली, तिथल्या काळ्या भोकाशी क्षणभर थबकली आणि सुळकन आत नाहीशी झाली. शिंप्यानं गुडघा चाचपला आणि म्हणाला, हलकं वाटतंय. एवढी माणसं तोंडाकडे बघत असताना नाही वाटत म्हणून सांगायची छाती कुणाची होते?

काठावर पांढऱ्या कपड्यांत जळगुरू उभे होते. मागच्या वर्षापर्यंत हा गृहस्थ लोकांकडे असलेच तलाव बसवून द्यायचा आणि सगळे त्याला फिटर म्हणायचे. मग त्याला साक्षात्कार झाला. कुठं म्हणाल, तर पंपाच्या खोलीत.

"तुम्हाला पाण्याची ओढ असते," तो हळू आवाजात म्हणाला. "पण या पाण्याला तुमची ओढ आहे. कान द्या. श्वास घेतंय ते."

लोकांनी कान दिला. पायाखालच्या फरशीतून खरंच घूं घूं येत होतं. एकीनं पदर तोंडाशी नेला.

आत्याला मात्र तो आवाज रोजचा होता. ती शाळेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. इथं आली होती ती भाचीसाठी, म्हणजे दादाच्या तायडीसाठी. तायडी बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर अडलं की वहिनी घाईघाईनं वाक्य पुरं करून टाकायची, दादा मान फिरवायचा आणि वर्गातली पोरं हसायची. बुडत्याला काडीचा आधार, तसा दादानं हा फिटर धरला होता. तायडीला चिंधी पुरणार नव्हती म्हणे. तिनं केस मोकळे सोडून तळाशी जायचं, त्या भोकाला तोंड लावून आपलं नाव सांगायचं, की पाणी जिभेची गाठ ओढून घेणार.

वहिनीनं वेणी सोडली. केस कमरेखाली आले.

आत्याची नजर पाण्यावर गेली. वर पाचोळा आणि मेलेले किडे जागच्या जागी पडून होते. काठाच्या भिंतीतलं पाणी ओढणारं तोंड चालू असतं, तर एव्हाना सगळं तिकडे वाहत गेलं असतं. तिनं खाली वाकून पाहिलं. तळाच्या भोकावर जाळीचं झाकणच नव्हतं.

"दादा, ती खाली जाणार नाही."

"इतकी वर्षं तिला पोहायला शिकवलंस," दादा तिच्याकडे न बघता म्हणाला. "बोलायला शिकवलंस का?"

ते तिला लागलं. पण रागवायला वेळ नव्हता, तायडी पायरीवर उभी होती. आत्यानं तिला बाजूला ओढलं, तिचं अंग पुसायला आणलेला मोठा टॉवेल तलाव साफ करायच्या लांब दांड्याला बांधला आणि तळाकडे सोडला. फिटर ओरडला, अश्रद्ध हाताला पाणी चावतं. शिंपी म्हणाला, चावू द्या की, हात तिचा आहे.

टॉवेल भोकाजवळ गेला मात्र, कुणी हिसकावा तसा निम्मा आत गेला. घूं घूं थांबून विव्हळल्यासारखा आवाज सुरू झाला. आत्यानं दांडा खेचला, मग दादा आला, मग आणखी एक जण. दांडा वाकला, टॉवेल तसूभर हलला नाही.

"हे तायडीचे केस असते तर, दादा?"

दादाच्या हातातून दांडा सुटला. वहिनीनं तायडीचे मोकळे केस मुठीत घट्ट धरले.

फिटर पंपाच्या खोलीच्या दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, पाणी कोपलंय, आता कुणी पुढे यायचं नाही. माणसं मागे सरू लागली. तेव्हा तायडी बोलली.

"प-प-पंप..." ती अडली. वहिनीनं सवयीनं तोंड उघडलं, आत्यानं तिचा हात दाबला. "पंप बंद करा. पा-पाणी श्वास घेतंय ना? मग ब-ब-बटण बंद केल्यावरही घेईल."

एवढ्या मोठ्या माणसांत हे कुणाला सुचलं नव्हतं. दादानं फिटरला खांद्यानं बाजूला केलं आणि आत जाऊन बटण दाबलं. आवाज विझला. भोकातला टॉवेल सैल पडला आणि आत्यानं दांडा उचलताच आपसूक वर आला.

मग आत्यानं पंपाचं झाकण फिरवून कचरा अडवायची टोपली बाहेर काढली. पाणी कुठं मुरत होतं ते सगळ्यांसमोर आलं. टोपलीत खडे होते आणि चिंध्यांचा ओला गोळा होता. शिंप्यानं आपली चिंधी ओळखली, ती सोडवून हातात घेतली आणि पुन्हा गुडघा चाचपला. तो दुखतच होता.

"तलावाला पाणी ओढायची दोन तोंडं असतात," आत्या म्हणाली. "एक वर, एक तळाला. एकावर कुणी अडकलं तर दुसऱ्यातून पाणी यावं, माणूस सुटावा, म्हणून. यानं वरच्या तोंडाची चावी बंद केली, म्हणजे सगळा जोर तळाला. आणि चिंध्या जाळीत अडकून चमत्कार फसत होता, म्हणून जाळी काढून टाकली. ओढ पाण्याला नव्हती. पंपाला होती."

चावी कशासाठी असते हे त्या अंगणात फिटरइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी तो एका मुलीला तिथं पाठवत होता. हात जोडण्याआधी एवढं विचारा बाबांनो, हे बंद कुठून होतं? जे खरं आहे ते बटण दाबल्यानं संपत नाही.

लोक पांगले. शिंपी जाता जाता तायडीपाशी थांबला आणि त्यानं तिचं नाव विचारलं. पहिलं अक्षर ओठांवर अडलं. वहिनी गप्प राहिली. दादानं मान फिरवली नाही. नाव पुरं व्हायला वेळ लागला, आणि सगळे थांबले.